रोजकीर्द

राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावी रक्त तपासण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट लवकरच येते, ती अशी की, त्याच्या मेजावर जी काचेची नळी येऊन पडते तीत केवळ आजचे दुखणे नसते. आज दुखते आहे ते कशामुळे, हा एक प्रश्न, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे, हा दुसरा, असे दोन्ही प्रश्न त्या चमचाभर रक्ताला एकदमच विचारलेले असतात, आणि यांपैकी दुसऱ्याचे उत्तर पहिल्याहून कितीतरी अवघड असते. हृदयविकाराच्या रुग्णांच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा. हा विकार एकदा जडला की बहुधा जन्मभर सोबत करतो, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हरघडी ठरवावे लागते की, समोर बसलेल्यांपैकी कोणाला आजच्या आज कोल्हापूरला धाडावयाचे, कोणाला महिन्याने पुन्हा बोलवावयाचे, आणि कोणाला निर्धास्तपणे शेतावर जाऊ द्यावयाचे. या निवाड्याच्या कामी रक्तातील काही द्रव्यांचे आकडे उपयोगी पडतात. ते आकडे काढण्यात आणि लिहून ठेवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या आकड्यांचे मोल कशावर ठरते याविषयी माझे जे मत बनत गेले तेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे गाव कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, भोगावतीच्या काठी. पलीकडे दाजीपूरचे जंगल आणि फोंड्याचा घाट, आणि घाट उतरला की कोकण. येथला माणूस भात लावतो, ऊस करतो, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो, आणि छातीत दुखू लागले तर आधी सोडा पितो. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून त्यांतला अडथळा काढावयाचा तर कोल्हापूरच गाठावे लागते, आणि त्या वाटेवरचा वेळ हाच अनेकदा रोग्याच्या नशिबाचा निवाडा करतो. अशा ठिकाणी प्रयोगशाळा चालविणाऱ्याने केवळ नळ्या फिरवून कागद लिहून देऊन भागत नाही.

माझे वडील गावच्या सेवा सोसायटीचे सचिव होते. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आमच्या घरात देवाच्या नावांइतके सहज ऐकू येत. त्यांच्या दप्तरात खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारून, शेजारी खरा मजकूर लिहून, त्याखाली सही करावयाची, ही त्यांची शिस्त. रक्कम चुकली तर ती ताळेबंदात केव्हातरी सापडते, पण तारीख चुकली तर ती जन्मात सापडत नाही, असे ते म्हणत. मी प्रयोगशाळा थाटली तेव्हा पहिली मोठी नोंदवही त्यांनीच आखून दिली, आणि तिच्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘रोजकीर्द’ असेच लिहिले. रोग्याचे नाव, गाव, वय, पाठविणारे डॉक्टर, तपासणी, आकडा, एवढे रकाने मला हवे होते. ‘वेळ’ हा रकाना त्यांनी आपण होऊन आखला. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यात आणखी दोन रकान्यांची भर पडली: दुखणे सुरू झाल्याची वेळ, आणि याच माणसाचा मागील आकडा. त्या तीन रकान्यांनी मला जे शिकविले ते पाठ्यपुस्तकांत नव्हते असे नाही. परंतु पुस्तकात ते एका ओळीत उरकले होते.

त्या काळी आमच्याकडे हृदयासाठी म्हणून ज्या तपासण्या होत त्या तीन: एस.जी.ओ.टी., एल.डी.एच. आणि सी.पी.के. पहिलीची कहाणी १९५४ सालची. न्यूयॉर्कमधील कार्मेन, व्रॉब्लेव्स्की आणि लाड्यू या संशोधकांनी दाखवून दिले की, हृदयाचा स्नायू मृत झाला म्हणजे त्याच्या पेशींतील हे द्रव्य रक्तात उतरते आणि मोजता येते. हृदयाच्या आत घडलेली हानी दंडातून काढलेल्या रक्तावरून कळावी, ही त्या काळी केवढी विलक्षण गोष्ट वाटली असेल! परंतु हे द्रव्य यकृतातही असते, काविळीतही वाढते, आणि सी.पी.के. तर अंगातल्या प्रत्येक स्नायूत भरलेले. आमच्या मुलखात याचा घोटाळा फार होई. दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढविणाऱ्या मजुराचे सी.पी.के. हृदय ठणठणीत असतानाही वाढलेले असावयाचे. आणि सुई टोचल्याखेरीज बरे वाटत नाही ही खेड्यातली समजूत असल्यामुळे, कमरेत इंजेक्शन घेऊन मगच माझ्याकडे आलेल्या माणसाच्या स्नायूतूनही तेच द्रव्य रक्तात आलेले असावयाचे. म्हणून रक्त घेण्यापूर्वी ‘सुई कुठे टोचून घेतली का, आणि केव्हा?’ हे विचारण्याची सवय मला लागली, आणि त्याचे उत्तर आकड्याशेजारी लिहिले जाऊ लागले. याच स्नायूद्रव्याचा हृदयात अधिक आढळणारा उपप्रकार, सी.के.-एम.बी., तो मोजण्याची सोय आल्यावर हा घोटाळा कमी झाला. मिटला मात्र नाही.

तो मिटविला ट्रोपोनिनने. स्नायूच्या आकुंचनाचे नियमन करणारे हे प्रथिन टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात शोधले, तेव्हा त्यांच्यापुढे स्नायू कसा आखडतो हा शास्त्राचा शुद्ध प्रश्न होता. पुढे असे आढळले की, हृदयाच्या स्नायूतील ट्रोपोनिनची घडण अंगातील इतर स्नायूंहून निराळी आहे, आणि ती ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार करता येतात. १९८९ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. २००० साली युरोप आणि अमेरिका येथील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच नव्याने केली आणि तीत या द्रव्याला अग्रस्थान दिले. आमच्या तालुक्यात ते आले ते एका प्लास्टिकच्या कार्डाच्या रूपाने. कार्डाच्या एका टोकाला रक्ताचे थेंब टाकावयाचे, आणि मधल्या अरुंद खिडकीकडे पंधरा मिनिटे पाहावयाचे. एक रेषा उमटली तर कार्ड चांगले आहे एवढाच अर्थ. तिच्याशेजारी दुसरी उमटली तर हृदयाच्या स्नायूला इजा झालेली आहे.

एका गळीत हंगामातली पहाट मला स्पष्ट आठवते. सरवडे भागातला चाळिशीचा एक शेतकरी, सोबत त्याचा चुलता. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला होता. त्यात संशयास्पद असे काही होते, पण निर्विवाद नव्हते. चुलता सांगत होता, “पित्तच असंल वो. राती मटण झालंतं, त्याचंच हाय.” मी रक्त काढता काढता विचारले, “दुखायला किती वाजता लागलं?” घड्याळाची वेळ आमच्याकडे कोणी सांगत नाही, आणि ‘मघाशी’ या उत्तरात अर्ध्या तासापासून अर्ध्या दिवसापर्यंत काहीही मावते. म्हणून मी नेहमीप्रमाणे फिरवून विचारले, “दूध घालून आल्यावर का त्याच्या आधी?” तेव्हा तो रोगी स्वतःच म्हणाला, “किटली घिऊन डेरीत हुबा हुतो, तवाच घाम सुटला बघा.” त्यांच्या गावच्या डेअरीत सकाळचे माप सहाला सुरू होते, हे मला ठाऊक होते. माझ्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती. दोन्ही वेळा मी वहीत लिहिल्या आणि कार्ड मांडले. पंधरा मिनिटांनी एकच रेषा.

चुलत्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळणे स्वाभाविक होते. परंतु ट्रोपोनिन हे इजा झाल्याबरोबर रक्तात दिसत नाही. आमच्या कार्डावर रेषा उमटण्याइतके ते साठावयास तीन-चार तास, कधी अधिकही लागतात. तासाभरापूर्वी सुरू झालेल्या दुखण्यात कार्डावर दुसरी रेषा उमटली नाही म्हणजे हृदय सुरक्षित आहे असे नव्हे. त्या वेळेपर्यंत कार्डाला सांगता येण्याजोगे काही घडलेले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ. मी कागदावर निकालाच्या वर मोठ्या अक्षरांत ‘दुखणे सुरू झाल्यापासून सुमारे एक तास दहा मिनिटे’ असे लिहून तो डॉक्टरांकडे धाडला. त्यांनी रोग्याला घरी सोडले नाही; ॲस्पिरिन देऊन खाटेवर निजविले आणि तीन तासांनी पुन्हा रक्त घेण्यास सांगितले. दुसरे कार्ड मी ट्यूबलाइटखाली धरून पाहिले. पहिली रेषा ठसठशीत उमटली, आणि बऱ्याच वेळाने तिच्याशेजारी दुसरी, इतकी फिकट की नजर हटली असती तर ती नाही असेच वाटले असते. परंतु या कार्डावर फिकट रेषा आणि गडद रेषा असा भेद करावयाचा नसतो. रेषा आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. रुग्णवाहिका दुपारपूर्वी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली, आणि तो शेतकरी पुढच्या हंगामात स्वतःचा ऊस स्वतः तोडावयास उभा होता.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. हृदयाच्या आलेखात मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या तपासणीची वाट पाहत बसणे हा अमोल वेळेचा अपव्यय होय. तेथे प्रयोगशाळेने बाजूला सरावे आणि गाडीला वाट द्यावी. रक्ताचे काम सुरू होते ते जेथे आलेख अनिश्चित असतो तेथे, आणि संकट टळल्यानंतरच्या दीर्घ काळात.

या दुसऱ्या कामाचे महत्त्व मला उशिरा, अतिसंवेदनशील ट्रोपोनिनची तपासणी आल्यावर कळले. ती कार्डावर होत नाही; नमुना बर्फाच्या डब्यात घालून एस.टी.ने कोल्हापूरला पाठवावा लागतो आणि तेथील यंत्र तो मोजते. शंभर निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णवांचे आकडे ज्या मर्यादेच्या आत असतात तिच्या पलीकडे गेलेला आकडा हे यंत्र दाखवितेच, पण त्या मर्यादेच्या बरेच खाली, जेथे आमच्या कार्डाला काहीच दिसत नाही तेथेही ते मोजू शकते; शिवाय स्त्रियांची मर्यादा पुरुषांहून कमी धरावी लागते हेही त्यानेच दाखवून दिले. छातीत काहीही दुखत नसताना, जुन्या हृदयरोग्याचा हा आकडा कायम थोडा चढलेला राहत असेल, तर पुढील वर्षांतील त्याचा धोका तसा आकडा नसलेल्या रोग्याहून अधिक असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांनी सिद्ध केलेले आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१७ साली स्थिर हृदयविकाराच्या रुग्णांसाठी धोका मोजण्याचे जे कोष्टक प्रसिद्ध केले त्यात वय, धूम्रपान, मधुमेह यांच्या बरोबरीने रक्तातील तीन आकड्यांना स्थान आहे: हे ट्रोपोनिन, एन.टी.-प्रोबी.एन.पी. आणि एल.डी.एल. कोलेस्टेरॉल. मात्र चढलेला प्रत्येक ट्रोपोनिन हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीच कथा सांगतो असे नाही. मूत्रपिंडे थकलेल्या माणसात तो वर्षानुवर्षे चढलेलाच राहतो. आणि भाताच्या खाचरात उभे राहून लेप्टोस्पायरोसिस घेऊन आलेल्या तापकऱ्यातही तो चढतो, कारण त्या तापात हृदयाचा स्नायूही सुजू शकतो. म्हणून आषाढात ट्रोपोनिनचा कागद लिहिताना शेजारी मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन किती आणि ताप आहे की नाही, हे मी लिहितोच.

एन.टी.-प्रोबी.एन.पी.विषयी मात्र जरा विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण राधानगरीच्या माणसाला ते समजावून सांगणे सोपे जाते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याची मुहूर्तमेढ रोवली त्या आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला आणि पाण्याचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ते कोणी न उघडता आपोआप उघडतात, आणि खाली भोगावतीच्या काठच्या गावांना कळते की वर धरण काठोकाठ भरले आहे. हृदयाच्या भिंतीवर रक्ताचा ताण वाढला की तिच्या पेशी असेच एक द्रव्य आपण होऊन रक्तात सोडू लागतात. ते मूत्रावाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकावयास लावून हृदयावरचा भार हलका करू पाहते. जपानी संशोधकांना ते १९८८ साली प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले म्हणून त्याच्या ‘बी.एन.पी.’ या नावात ‘ब्रेन’, म्हणजे मेंदू आला. ते मुख्यतः हृदयातून येते हे पाठोपाठ कळले. त्याच्याच निर्मितीत सुटणारा जो तुकडा रक्तात अधिक काळ टिकतो तो आम्ही मोजतो. धाप लागलेल्या माणसात हा आकडा ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर त्या धापेला हृदयाची दुर्बलता कारण असण्याचा संभव फार थोडा. आणि तीव्र दुर्बलता आहे असे म्हणावयाचे तर पन्नाशीच्या आतल्यांत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८०० अशा चढत्या मर्यादा धराव्या लागतात. स्थूल माणसात आकडा कमी दिसतो, मूत्रपिंडाच्या विकारात आणि हृदयाची लय बिघडली असता अधिक.

इतके सारे नियम पाठ असूनही एका वृद्ध बाईंनी मला त्यापलीकडचे शिकविले. हृदय कमकुवत झालेले, पायांवर सूज, दर काही महिन्यांनी मुलाच्या पाठीशी मोटारसायकलवर बसून त्या रक्त द्यावयास येत आणि दरवेळी विचारत, “काय निघालं रं माज्या रगतात?” मी म्हणावयाचो, “आक्का, ते डॉक्टर सांगतील,” आणि त्या म्हणावयाच्या, “तुला कळलंय, पर सांगणार न्हाईस.” तंत्रज्ञाला आकडा प्रथम दिसतो आणि त्याने तो बोलावयाचा नसतो, अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम, आणि ही मर्यादा मी योग्यच मानतो. त्यांचा आकडा चांगल्या दिवसांतही दीड हजाराच्या आसपास असे. दुसऱ्या एखाद्याचा तेवढा आकडा पाहून डॉक्टरांनी त्याला लगेच दाखल करून घेतले असते. या बाईंच्या बाबतीत मात्र तो स्वास्थ्याचा आकडा होता. डॉक्टरांच्या आज्ञेवरून त्याच ओळीत मी त्यांचे वजनही लिहीत असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. धरणाचे दरवाजे उघडलेले, भोगावती आणि पंचगंगा पात्र सोडून वाहत असलेल्या, कोल्हापूरला जाणारे रस्ते बंद. नमुने पाठविण्याचा प्रश्नच उरला नाही. वीज नव्हती तेव्हा शीतपेटीतील रसायने सांभाळणे हीच चिंता. त्या दिवसांत त्या बाईंना धाप लागली. एन.टी.-प्रोबी.एन.पी. मोजता येणार नव्हते. डॉक्टरांनी माझी वही मागविली. तीत बाईंचे मागील सारे आकडे आणि प्रत्येकासमोर वजन होते. ज्या ज्या वेळी आकडा दुपटीवर गेला होता त्या त्या वेळी वजन दोन-अडीच किलोंनी चढलेले होते. त्या दिवशीचे वजन वहीतल्या शेवटच्या वजनाहून दोन किलोंनी अधिक भरले. डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळीची मात्रा वाढविली, मीठ बंद केले, आणि रोज सकाळी काटा व वही घेऊन मला त्यांच्याकडे पाठविले. चौथ्या दिवशी वजन पूर्वीच्या ठिकाणी आले. रस्ता खुला झाल्यावर पहिल्या गाडीने नमुना गेला. आकडा त्यांच्या नेहमीच्या आकड्याच्या जवळच निघाला. रक्तातील हे द्रव्य मोजण्यास महागडे यंत्र लागते, आणि तरी पुराच्या त्या आठवड्यात मागच्या ओळी लिहिलेल्या होत्या म्हणूनच साधा काटा त्याच्या जागी उभा राहू शकला. सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका थोर, हे माझे मत त्या आठवड्यात पक्के झाले. शिवाय याच द्रव्याचा आकडा निरोगी स्थितीतही आज एक आणि उद्या दुसरा येतो. चौथाई हिश्शाने वर गेला म्हणून घाबरावे किंवा तितक्याने खाली आला म्हणून हर्षित व्हावे, असे त्यात काही नसते. हे तारतम्य मालिकेवाचून येत नाही.

अलीकडे घाऊक तपासण्यांच्या ज्या योजना निघाल्या आहेत त्यांच्याविषयी मला मनापासून खेद वाटतो. पंधरवड्याचे दुधाचे बिल मोडून माणूस अनेक पानांचा छापील अहवाल घेऊन येतो, त्यात तांबड्या अक्षरांत छापलेले चार आकडे असतात, आणि त्या चारांनी त्याची झोप उडालेली असते. सी.आर.पी.चेच पाहा. न्यूमोनियाच्या जंतूच्या एका घटकाशी संयोग पावणारे हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना आढळले. पुढे १९९७ साली अमेरिकेतील पॉल रिडकर यांनी दाखविले की, निरोगी दिसणाऱ्या पुरुषांतही त्याची बारीक वाढ भावी हृदयविकाराची सूचक असते. लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, तीनच्या पुढे गेला तर अधिक. परंतु दाढ सुजली, पायाला चिखल्या झाल्या, खोकला झाला, तरी हे प्रथिन वाढते. दहाच्या पुढचा आकडा तर हृदयासाठी वाचूच नये, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. भर पावसाळ्यात, चिखलाने पाय कुजलेल्या शेतकऱ्याचा हा आकडा हृदयाचा म्हणून त्याच्या हाती देणे हे मला न्याय्य वाटत नाही.

होमोसिस्टीन या रक्तातील आणखी एका द्रव्याची कथा याहून बोधप्रद आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किती व्यापक आहे आणि तिच्यामुळे होमोसिस्टीन कसे चढलेले असते हे दाखवून दिले. ते कार्य मोलाचे आहे, आणि बी-१२ ची उणीव भरून काढण्यास मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी पुरेशी कारणे आहेत. होमोसिस्टीन चढलेल्यांना हृदयविकार अधिक होतो हेही खरे. परंतु जीवनसत्त्वे देऊन ते उतरविले तर झटके कमी होतील, ही आशा २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे आणि कॅनडा येथील मोठ्या प्रयोगांत फळास आली नाही. आकडा उतरला, झटके उतरले नाहीत. धोक्याची सूचना देणारे द्रव्य हेच धोक्याचे मूळ असेल असे गृहीत धरता येत नाही. एल.डी.एल. उतरविले की झटके उतरतात, म्हणून ते मूळ ठरले. होमोसिस्टीन ठरले नाही.

एल.डी.एल.ची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, की बहुतेक प्रयोगशाळांत ते मोजलेले नसून काढलेले असते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावयाचा, हे फ्रीडवाल्ड यांचे १९७२ सालचे सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की हे सूत्र निकामी होते, आणि आपल्याकडे ट्रायग्लिसराइड चढलेले व एच.डी.एल. उतरलेले अशी माणसे पुष्कळ. त्यात उपाशीपोटी आलेला माणूस ‘न्हाई, नुस्ता च्याच घेटलाय’ असे सांगतो, आणि तो चहा म्हणजे म्हशीचे दाट दूध आणि मूठभर साखर. अशा ठिकाणी अपोलिपोप्रोटीन बी हा आकडा अधिक विश्वासार्ह. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात, ज्याचे नेतृत्व सलीम युसुफ यांनी केले, याच आकड्याचे अपोलिपोप्रोटीन ए-१ शी प्रमाण आणि तंबाखू यांना झटक्याच्या कारणांत अग्रभाग मिळाला. त्याच अभ्यासाच्या आधारे असेही दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांहून सुमारे सहा वर्षे अगोदर येतो.

अगोदर येण्याचे एक कारण घराण्यात असू शकते, आणि सध्या मी ज्या कामात गुंतलो आहे ते तेच आहे. धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीतील चौतिशीचा तरुण दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन कोल्हापूरला गेला आणि रक्तवाहिनीत स्टेंट घालून परतला. साखर नाही, वजन नाही, कोलेस्टेरॉल बेताचे. तंबाखू मात्र आहे. वडील बेचाळिसाव्या वर्षी नांगर हाकता हाकता बांधावर कोसळले होते. डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए तपासावयास सांगितले. नॉर्वेच्या कोरे बेर्ग यांनी १९६३ साली शोधलेले हे द्रव्य जवळजवळ सर्वस्वी आनुवंशिक. खाण्यापिण्याने ते फारसे हलत नाही, म्हणून साधारणतः जन्मात एकदा मोजले तरी पुरते, आणि ५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले तर धोका अधिक. माझ्या रोजकीर्दीत मालिका लागत नाही असा हा जवळजवळ एकमेव आकडा. त्याचा निघाला ११२. हे द्रव्य उतरविण्याचे खास औषध अद्याप हाती नाही, म्हणून एल.डी.एल. ५५ च्या खाली ठेवावयाचे आणि तंबाखू सोडावयाची, असे डॉक्टरांनी ठरविले. धाकटा भाऊ आधी येईना. “मला काय झालंय?” हा त्याचा सवाल. आला तेव्हा त्याचा आकडा १४ निघाला, आणि त्याला कोणतीही गोळी सुरू झाली नाही. तंबाखू सोडण्यास मात्र दोघांनाही सारखेच बजावले.

मग त्यांची आई आली. “ह्ये माझ्याकडनं गेलंय का त्येंच्याकडनं?” असे तिने डॉक्टरांना विचारले. तिचे रक्त तपासले. आकडा सामान्य निघाला. म्हणजे थोरल्याकडे ते बापाकडून आले असले पाहिजे. बापाच्या रक्ताची नोंद कोठेच नाही, कारण तो हयात असताना कोणी ती घेतली नाही. परंतु त्याचे दोन भाऊ हयात आहेत, आणि त्यांची मुले चाळिशीकडे झुकली आहेत. स्टेंट घातलेल्या थोरल्याने त्यांच्याकडे स्वतः जाऊन बोलणे केले आहे, डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, आणि रोपलागण उरकली की त्यांतले चौघे रक्त द्यावयास येणार आहेत.